रात्रीची छायाचित्रे आणि पाच मीटरांपलीकडील माणसे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मंडळाची जुनी छायाचित्रे निवडून त्यांखाली नावे लिहिण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपविले, तेव्हा ते फार तर चार रविवारांचे काम असेल अशी माझी समजूत होती. मंडळाच्या कपाटातून काळ्या पानांचे दोन आल्बम, सुट्या फोटोंनी भरलेली बिस्किटांची एक पत्र्याची पेटी आणि नाडीने बांधलेली निगेटिव्हची पाकिटे निघाली. १९७५ सालच्या पहिल्या गणेशोत्सवापासूनचा हा ऐवज. बदलीच्या नोकरीत गंगाकाठच्या या शहरी येण्याचा योग मला दोनदा आला. पहिल्या खेपेस, १९९६ साली, सामान अजून मालगाडीत असताना ज्यांनी आम्हा उभयतांना आपल्या पंगतीत बसवून घेतले, त्यांना सारे मंडळ नुसते ‘काकू’ म्हणत असे. मंडळाच्या स्वयंपाकघराची सूत्रे पंचवीस वर्षे त्यांच्या हाती होती. २००१ साली त्या गेल्या. स्मरणिकेची वार्ता ऐकून त्यांच्या मुलाने नागपूरहून विचारणा केली, की आईचा मंडळातला एखादा फोटो मिळेल काय? घरी त्यांचा एकच फोटो आहे, स्टुडिओत काढलेला, आणि तो मुळीच आईसारखा दिसत नाही.

मी पेटी उघडून बसलो. चेहरे पुष्कळ सापडले, परंतु ठरावीकच. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, हार घालणारे, हार घालून घेणारे, बक्षीस देणारे हात आणि ते घेणारी मुले. त्यांच्या मागे काळोख. सतरंज्यांवर बसलेली कुटुंबे, दाराशी उभ्या असलेल्या बायका, पडद्यामागे पेटी वाजविणारे गृहस्थ, यांपैकी कोणाचाच पत्ता नाही. काकूंचाही नाही. प्रथम वाटले, की आपल्या लोकांना मानाच्या खुर्चीपलीकडे पाहण्याची सवयच नाही. मग आल्बम पुन्हा चाळले आणि ध्यानात आले, की काळोख प्रत्येक चित्रात साधारण एकाच अंतरावर सुरू होतो. मानपानाची रेघ इतकी सरळ कधी नसते. याचे कारण अन्यत्र शोधावयास हवे होते.

आपले समारंभ रात्रीचे. परमुलखात तर विशेषच, कारण कचेऱ्या आणि कारखाने सुटल्यावाचून चार मराठी माणसे एकत्र जमणार कशी? डोळ्याला दिवाणखान्यातला उजेड आणि अंगणातला उजेड यांत फारसा भेद वाटत नाही, कारण डोळा आपोआप जुळवून घेतो. प्रत्यक्षात भर दुपारचे ऊन ट्यूबलाइटच्या दिवाणखान्यातील उजेडाच्या पाचशे ते हजारपट असते. कॅमेऱ्याला हा हिशेब चुकविता येत नाही. उजेड हजारावा हिस्सा असेल तर शटर हजारपट वेळ उघडे ठेवा, भिंग मोठे घ्या, फिल्म अधिक संवेदनाशील वापरा किंवा उजेड बरोबर घेऊन जा, एवढेच मार्ग. गेल्या दीड शतकाचा रात्रीच्या छायाचित्रणाचा इतिहास या चार मार्गांवरील येरझाऱ्यांचाच आहे.

पॅरिसच्या नादार या छायाचित्रकाराने १८६१ च्या सुमारास शहराखालच्या अस्थिभुयारांत विजेच्या दिव्यावर चित्रे घेतली. एकेका चित्राला अठरा-अठरा मिनिटे लागत. हाडे रचणारा मजूर तेवढा वेळ स्तब्ध उभा राहणे शक्य नव्हते, म्हणून नादारने मजुराचे कपडे घातलेले पुतळे उभे केले! अंधारात काम करणाऱ्या माणसाचे चित्र घ्यावयास निघालेला मनुष्य पुतळ्याचे चित्र घेऊन परतला, यात हसण्यासारखे आहेच. परंतु आपल्या आजी-आजोबांच्या लग्नानंतरच्या फोटोतली ती ताठ मान, खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात आणि काचेसारखी नजर आठवली म्हणजे हसू आवरते. लग्न गोरज मुहूर्तावर, वरात रात्री, आणि फोटो मात्र दुसऱ्या दिवशी स्टुडिओतल्या काचेच्या छपराखाली. मराठी संगीत नाटके रात्ररात्र रंगली. पण त्या काळच्या नटांची आपल्या ओळखीची बहुतेक चित्रे स्टुडिओतल्या रंगविलेल्या पडद्यापुढची आहेत. हैदराबादेस राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला, तेथे छायाचित्रे घेणारीही स्त्रीच होती. त्या स्त्रियांना चित्र मिळाले, परंतु त्यासाठी घराचा उंबरठा ओलांडावा लागला. घरातला अंधार आहे तेथेच राहिला.

उजेड बरोबर नेण्याची युक्ती मॅग्नेशियमने दिली. १८६४ साली इंग्लंडात या धातूची तार जाळून खाणीतले चित्र घेण्यात आले. पुढे १८८७ साली मीथे आणि गेडिके या दोघा जर्मनांनी मॅग्नेशियमच्या चूर्णात पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड मिसळून क्षणात पेटणारी भुकटी सिद्ध केली. न्यूयॉर्कचे बातमीदार जेकब रीस यांनी त्याची बातमी वर्तमानपत्रात वाचली, आणि ज्या कोंदट खोल्यांत बारा-पंधरा स्थलांतरित दाटीवाटीने झोपत तेथे मध्यरात्री शिरून त्यांनी ही भुकटी उडविली. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने न्यूयॉर्कच्या चाळींचे वास्तव सुखवस्तू वाचकांपुढे मांडले, हे त्यांचे ऋण मान्य करूनही मला त्या चित्रांतील माणसांची दया येते. झोपेतून दचकून उठलेले, डोळे दिपलेले, आपल्याला कोणी पाहिले हेदेखील न कळलेले ते चेहरे. एकदा तर आंधळ्या माणसांच्या बिऱ्हाडी रीस यांच्या भुकटीने भिंतीवरच्या कागदांनी पेट घेतला. खोलीतील माणसांना दिसण्याचा प्रश्न नव्हता; आग रीस यांनी स्वतःच विझविली आणि तो प्रसंग पुढे स्वतःच लिहून ठेवला.

भिंग मोठे घेण्याच्या मार्गाने जो पहिला मोठा माणूस गेला, त्याच्याजवळ मी थोडा अधिक थांबणार आहे. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याने १९२४ साली एर्मानॉक्स नावाचा एक ठेंगणा कॅमेरा बाजारात आणला. त्याचे भिंग लुडविग बेर्टेले या तरुण तज्ज्ञाने आखलेले, एफ २ क्षमतेचे. पुढे ते एफ १.८ झाले. कॅमेरा लहान आणि त्यापुढे भलेमोठे भिंग, असे ते ध्यान होते. फिल्मचे रीळ नव्हते, प्रत्येक चित्रासाठी काचेची छोटी पट्टी बदलावी लागे. हा कॅमेरा बर्लिनच्या एरिख सालोमोन यांच्या हाती पडला. सालोमोन १८८६ साली एका सावकारी घराण्यात जन्मले. कायद्याची डॉक्टरेट, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये युद्धकैद, मग जर्मनीतील महागाईच्या वावटळीत घरचा पैसा नाहीसा झालेला. वयाची चाळिशी उलटल्यावर त्यांनी कॅमेरा धरला. १९२८ साली बर्लिनच्या न्यायालयात त्यांनी टोपीत कॅमेरा दडवून खटल्याची चित्रे घेतली आणि ती छापून येताच त्यांचे नाव झाले.

पण सालोमोन यांचे खरे क्षेत्र रात्रीच्या परिषदा आणि मेजवान्या. तेथे ते फ्लॅशची भुकटी नेत नसत. पाहुण्यांसारखाच समारंभी पोशाख करून आत जात, कॅमेरा तिपाईवर किंवा कोठे टेकवून ठेवीत आणि बोलता-बोलता माणूस क्षणभर थबकेपर्यंत वाट पाहत. शटर पुष्कळदा सेकंदाचा चांगलासा हिस्सा उघडे ठेवावे लागे. तेव्हा तो थबकण्याचा क्षण ओळखणे हेच सारे कौशल्य. १९३० च्या हेग परिषदेतील त्यांचे एक चित्र प्रसिद्ध आहे. मध्यरात्र उलटून गेलेली, युद्धखंडणीचा हिशेब काही केल्या जुळत नाही, आणि युरोपचे मंत्री खुर्च्यांत पेंगुळले आहेत. तीस वर्षे सरकारी बैठकांत काढलेल्या माझ्यासारख्याला ते चित्र फार जवळचे वाटते. फ्रान्सचे ब्रियाँ त्यांना आगाऊ मंडळींचा राजा म्हणत. १९३१ च्या एका मेजवानीत ब्रियाँ हसत सालोमोन यांच्याकडेच बोट दाखवीत आहेत, असे चित्र खुद्द सालोमोन यांनी टिपून ठेवले आहे. थोरामोठ्यांना माणसांसारखे दाखविणारा हा मनुष्य ज्यू होता. १९३३ नंतर त्यांनी नेदरलँड्समध्ये आश्रय घेतला. पण नाझी तेथेही पोहोचले, आणि १९४४ साली आउशवित्झच्या छावणीत त्यांची हत्या झाली.

सालोमोन यांचा मार्ग कष्टाचा होता, म्हणून जगाने सोपा मार्ग धरला. १९२९-३० च्या सुमारास जर्मनी, इंग्लंड, अमेरिका येथे फ्लॅशचा बल्ब आला. काचेच्या भोपळ्यात प्राणवायू आणि अॅल्युमिनियमचा वर्ख. वीज लावताच झळाळी, धूर नाही, आगीचे भय नाही. मात्र एक बल्ब, एक चित्र. या बल्बची एक कथा पुण्यात घडली आहे. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन छायाचित्रकर्ती गांधीजींचे चरख्यावरील चित्र घेण्यास आली. आधी तिला सूतकताई शिकण्यास सांगण्यात आले. तो गांधीजींचा मौनवार, खोलीत उजेड अंधुक, आणि झगझगीत प्रकाश त्यांना आवडत नसे. म्हणून तीनच बल्बांची परवानगी मिळाली. पहिल्या खेपेस बल्ब पेटला पण शटरचा मेळ बसला नाही, दुसरी खेपही वाया गेली. तिसऱ्या बल्बने चित्र साधले, ते आज जगभर ओळखले जाते. समारंभात सुसाट फ्लॅश उडविणाऱ्या प्रत्येकाला आधी टकळी हाती देऊन तीन बल्ब मोजून द्यावेत, असे मला पुष्कळदा वाटते!

आपल्याकडील या पिढीचे एक नाव घेतल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. नवसारीस १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ साली दिल्लीस गेल्या आणि १९७० पर्यंत राजधानीतील सभा, स्वागतसमारंभ, मेजवान्या टिपीत राहिल्या. साडी नेसलेली ही बाई सायकलवरून अवजड कॅमेरा आणि बल्बांची पिशवी घेऊन हिंडे. जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेवर काँग्रेसच्या सभेत वर झालेले हात त्यांच्या चित्रात आहेत. देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि पुढच्याच वर्षी बडोद्यास त्यांचे निधन झाले. माहेरापासून दूर, परक्या शहरात आयुष्याची उमेदीची वर्षे काढणाऱ्या आपल्या भगिनींना त्यांची ओळख असावी.

आता मंडळाच्या पेटीकडे वळतो. एजर्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३१ साली सिद्ध केलेला विजेचा फ्लॅश पुन्हा पुन्हा पेटणारा होता, आणि आपले मंडळ स्थापन होईतो तो लहानसहान शहरांतील स्टुडिओवाल्यांपर्यंत पोहोचला होता. चौकातल्या स्टुडिओचे मालक आपल्या पहिल्या पंधरा उत्सवांना येत. त्यांच्याजवळ दोन भिंगांचा याशिका होता. त्यात १२० ची फिल्म, म्हणजे एका रिळात बारा चित्रे. परदेशी फिल्म दुर्मीळ आणि महाग. पूर्व जर्मनीची ओर्वो किंवा उटकमंडच्या सरकारी कारखान्यात १९६७ पासून निघू लागलेली इंदू, जी मिळेल ती. मंडळाचे अंदाजपत्रक एका रिळाचे. बारा चित्रांत सारा उत्सव बसवावयाचा म्हटल्यावर दीपप्रज्वलन, हार, भाषण आणि बक्षिसे यांतच बारा संपत. स्वयंपाकघरासाठी तेरावे चित्र कोठून येणार?

त्याहून मोठे कारण फ्लॅशच्या गणितात आहे. प्रत्येक फ्लॅशचा एक अंक असतो, त्याला भिंगाच्या उघडिपीने भागले की प्रकाश किती मीटर पोहोचतो ते निघते. फ्लॅशचा अंक अठ्ठावीस आणि भिंग ५.६ वर धरले, तर उत्तर पाच मीटर. त्यापुढे प्रकाश नुसता कमी होत नाही, वर्गाच्या प्रमाणात कमी होतो: दहा मीटरवर चौथा हिस्सा, पंधरा मीटरवर नववा. व्यासपीठापासून पाच मीटरांत अध्यक्षांची खुर्ची आणि सतरंजीवरील पहिली रांग येते. काळोखाची ती सरळ रेघ मानपानाची नव्हती, भागाकाराची होती. अर्थात पाच मीटरांच्या आत कोणी बसावे हे मानपानानेच ठरत असे, एवढे मान्य केले पाहिजे.

या पापात माझाही वाटा आहे. १९९७ च्या उत्सवात एका वयोवृद्ध गायिकेची बैठक होती. मी उसनवार कॅमेरा आणि नवा फ्लॅश घेऊन अगदी पुढे बसलो होतो. षड्ज लागला, त्यांनी डोळे मिटले, मुद्रा इतकी प्रसन्न की मला राहवले नाही. फ्लॅश उडाला. त्या दचकल्या, सूर तुटला, तंबोरा एकटाच बोलत राहिला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “आधी तुमचं होऊ द्या, मग मी गाते.” सभागृह हसले. मागच्या रांगेतून काकूंनी मात्र मला नंतर स्वयंपाकघरात बोलावून, हातात लाडू देऊन, चांगले सुनावले. तो फोटो माझ्याजवळ आहे. त्यात एक घाबरलेली म्हातारी आणि भिंतीवर तिची कडक काळी सावली आहे. गाणे कोठेच नाही. स्मरणिकेसाठी मी तो निवडलेला नाही.

पुढच्या काळाविषयी थोडक्यात. रंगीत फिल्म आली, ती दिवसाच्या उजेडासाठी बेतलेली. ट्यूबलाइटखाली फ्लॅशवाचून फोटो काढला की चेहरे हिरवट आणि फ्लॅश लावला की डोळे लाल. आपल्या रंगीत आल्बममध्ये दोन्ही प्रकारची भुते आहेत. मंडळ स्थापन झाले त्याच १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने फिल्मवाचून चालणारा पहिला कॅमेरा जुळविला. एक ओबडधोबड चित्र कॅसेटवर उतरविण्यास त्याला तेवीस सेकंद लागत. त्याच शोधाच्या रेट्याखाली कोडॅकवर २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली आणि आपला उटकमंडचा कारखानाही बंद पडला. आजचा खिशातला फोन अंधारात एकामागून एक अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतो, त्याला दिवा लागत नाही. सालोमोन यांनी आयुष्य वेचून मिळविलेले आता शाळकरी पोरांच्या हाती आहे. गेल्या वर्षीच्या उत्सवाची हजारावर चित्रे लोकांच्या फोनांत आहेत. समितीकडे त्यांतील अकरा पोहोचली.

काकूंचा शोध मी जवळजवळ सोडला होता. तेव्हा मुलीने विचारले, “बाबा, निगेटिव्ह पाहिल्यात का?” फोटोची प्रत करताना स्टुडिओवाल्याने पुढचे चेहरे बरे उतरतील एवढेच पाहिले होते, त्यामुळे मागचे सारे कागदावर निखळ काळे झाले. परंतु चौथा हिस्सा प्रकाश म्हणजे शून्य प्रकाश नव्हे. निगेटिव्हवर त्याची फिकट का होईना, खूण राहते. तिने पाकिटे उघडून एकेक पट्टी स्कॅनरवर ठेवली आणि फिकट भाग हळूहळू वर आणला. बहुतेक ठिकाणी नुसते दाणे हाती लागले. १९७९ च्या बक्षीससमारंभाच्या सातव्या चित्रात मात्र, हात पुढे केलेल्या मुलाच्या मागे, सहा रांगांपलीकडे, मागील ओसरीचे दार उघडे आहे. दारात तीन बायका उभ्या आहेत. मधल्या बाईंनी पदर खोचला आहे, एका हातात झारा आहे, आणि त्या व्यासपीठाकडे पाहून मनापासून हसत आहेत. बक्षीस घेणारा मुलगा त्यांचाच.

चित्र अस्पष्ट आहे. संगणकाकडून चेहरा स्वच्छ करून घ्यावा, अशी सूचना एका सभासदांनी प्रेमाने केली. मी ती मानली नाही. निगेटिव्हवर जे उमटलेले नाही ते यंत्र आपल्या कल्पनेने भरते. तो चेहरा सुबक होईल, पण तो काकूंचा राहणार नाही. नागपूरला मी आहे तशीच प्रत पाठविली. उत्तरात मुलाने लिहिले, की आई अगदी अशीच हसत असे, आणि त्या दिवशी ती दारात होती हे त्याला सेहेचाळीस वर्षांनी कळले.

ते चित्र समोरच्या पानावर, मूळ आहे तसेच छापले आहे. डावीकडील परात धरलेल्या ताईंना दोघा ज्येष्ठ सभासदांनी ओळखले आहे. उजवीकडे उभ्या असलेल्या, कडेवर वर्षाचे मूल घेतलेल्या बाई कोण हे मात्र कोणासही सांगता आले नाही. ते मूल आज सत्तेचाळिशीच्या घरात असेल, आणि कोण जाणे, हे पान त्याच्याच हाती असेल. कोणास ओळख पटल्यास मंडळाच्या चिटणिसांकडे नाव कळवावे. चित्राखाली तिसऱ्या नावाची जागा मोकळी सोडली आहे; नाव समजताच ते सर्वांस कळविले जाईल, प्रत्येकाने आपल्या प्रतीत ते हाताने लिहून घ्यावे.